जमीन चांगली, पण कुणाला?

प्रश्न : आम्ही पहाडगंजात, आरामबागेतल्या नूतन मराठी शाळेजवळ राहतो. सकाळी झंडेवालानच्या बाजूने रिजवर फिरायला जातो. तिथे जिकडे बघावं तिकडे विलायती कीकर, म्हणजे आपली वेडी बाभूळ. मधूनच एखादा पळस, हिवर, खुरटलेली बोर. मध्यंतरी पंचकुइयां रोडला पलंग बघायला गेलो, तर दुकानदार म्हणाला, ‘सी.पी. टीक है, फर्स्ट क्लास.’ माझे आजोबा जुन्या चांदा जिल्ह्यात वनखात्यात नोकरीला होते. ते सांगायचे की त्यांच्याकडची बरीचशी जंगलजमीन चौथ्या प्रतीची होती. मग चौथ्या प्रतीच्या जमिनीत पहिल्या प्रतीचं लाकूड कसं येतं? जंगलातल्या जमिनीची प्रत ठरवतात तरी कशी? आणि जिथे दहा जातींची झाडं एकमेकांत मिसळलेली आहेत, तिथे ती कोणत्या झाडाच्या नावाने धरायची? जाता जाता, आमच्या रिजची प्रत कोणती?
(एक वाचक, पहाडगंज, नवी दिल्ली)

उत्तर : आधी दुकानदाराला मोकळं करू. तो लाकडाबद्दल बोलतोय, आजोबा जमिनीबद्दल बोलत होते. दोघंही खरे असू शकतात. जुन्या मध्य प्रांतातून, म्हणजे आजच्या पूर्व विदर्भातून आणि मध्य प्रदेशातून येणारं सागवान बाजारात सी.पी. टीक म्हणून ओळखलं जातं. कोरड्या हवेत हा साग सावकाश वाढतो. त्याचा रंग गडद उतरतो, लाकडावरची रेषा वळणदार येते आणि गिऱ्हाईक त्या रंगारेषेचेच पैसे मोजतं. मे 2023 मध्ये तुमच्या घरापासून जवळच उद्घाटन झालेल्या नव्या संसद भवनाचं सागवान नागपूरहून आलं. त्याच वर्षी मार्चमध्ये बल्लारपूरहून अयोध्येच्या राम मंदिरासाठी साग निघाला. जमिनीची प्रत काढताना मात्र रंगाला गुण नाहीत. तिथे एवढंच विचारतात की या जागेत ठरावीक वर्षांत झाड किती वाढतं.

‘किती’ हे मोजायचं कशाने, यावर वनशास्त्रज्ञांनी शंभरावर वर्षं डोकं घातलं आहे. एका हेक्टरात किती घनमीटर लाकूड तयार झालं ते मोजावं, हे पहिलं सुचणारं उत्तर. पण लाकडाचा साठा जमिनीइतकाच माणसाच्या हातावर ठरतो. रोपं किती दाट लावली, विरळणी वेळेवर झाली का, मधल्या काळात रात्रीच्या बैलगाड्या किती फिरल्या, या सगळ्यावर तो कमीजास्त होतो. चांगल्या जमिनीवरचं लुटलेलं जंगल हलक्या जमिनीवरच्या राखलेल्या जंगलापेक्षा गरीब दिसतं. म्हणून नजर उंचीकडे वळली. झाडं थोडी दाट असोत की विरळ, रानातल्या सगळ्यांत जोमदार झाडांच्या उंचीवर त्याचा फारसा परिणाम होत नाही. जर्मनीत फ्रान्झ फॉन बाउर यांनी 1870 च्या दशकात उंचीवरून प्रत लावण्याची बाजू मांडली. पुढे 1902 मध्ये फ्रिट्झ आइखहोर्न यांनी फर वृक्षांच्या आकड्यांवरून दाखवलं, की दोन रानांची उंची सारखी असेल तर लाकडाचा साठाही साधारण सारखाच असतो, मग जमीन कशीही असो. चांगल्या जमिनीवर ती उंची लवकर गाठली जाते, हलक्या जमिनीवर उशिरा.

आपल्याकडे हीच रीत आली. हेक्टरातली सगळ्यांत जाड 250 झाडं धरायची, त्यांच्या सरासरी जाडीला येणारी उंची काढायची आणि ती 50 व्या वर्षी किती भरते ते पाहायचं. काही देश याच कामासाठी 100 झाडं धरतात, त्यामुळे परदेशी आकडे शेजारी ठेवताना जपावं लागतं. सागाच्या रोपवनांसाठी एम. व्ही. लॉरी आणि बक्षी संत राम यांनी केलेली कोष्टकं 1940 मध्ये डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेमार्फत निघाली. त्यात भारताबरोबर ब्रह्मदेशातल्या लागवडीही होत्या. वय आणि उंची शोधली की प्रत मिळते आणि पुढच्या वर्षांत किती लाकूड निघेल तेही मिळतं. महाराष्ट्र वनखात्याच्या कार्य आयोजनांत चौथ्या प्रतीचे आणखी अ आणि ब असे तुकडे पाडलेले दिसतात, कारण आपल्याकडची सागाची बरीच जमीन त्याच प्रतीत मोडते. आजोबांची चौथी प्रत ती हीच. ती फक्त सागाच्या नजरेतून लावलेली होती, हे ध्यानात ठेवा. तुमच्या मुख्य प्रश्नाचं निम्मं उत्तर त्यात आहे.

उरलेलं निम्मं जरा गुंत्याचं आहे.

वर सांगितलेली सगळी रीत तीन गृहीतकांवर उभी आहे. रानात जात एकच, सगळ्या झाडांचं वय एकच, आणि आज जी उंच आहेत ती लहानपणापासून उन्हात वाढलेली. रोपवनात ही तिन्ही बरीचशी खरी असतात. आजोबांच्या जुन्या चांद्यात, आजच्या गडचिरोलीत, आलापल्लीच्या नैसर्गिक जंगलात साग, ऐन, बिजा, धावडा, हळदू, तिवस, लेंडिया, तेंदू, मोह आणि खाली बांबू असं सगळं एका ठिकाणी उभं असतं. तिथे तिन्ही गृहीतकं एकदम कोसळतात.

वयापासून सुरुवात करू. साग या बाबतीत सज्जन आहे, दर वर्षाला एक स्पष्ट वलय टाकतो. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या संशोधकांनी 1980 च्या दशकात ठाणे भागातल्या सागाच्या वलयांवरून जुन्या पावसाळ्यांचा माग काढला होता. सागाच्या शेजारच्या अनेक जातींची वलयं मात्र इतकी पुसट असतात की मोजणाऱ्या दोघांचे आकडे जुळत नाहीत. सागाच्या बाबतीतही आपण मोजतो ते खोडाचं वय. नैसर्गिक जंगलात सागाचं रोप उन्हाळ्यात किंवा वणव्यात वरून मरतं, मुळं जिवंत राहतात, पावसाळ्यात नवा कोंब येतो, पुढच्या वर्षी तोही जळतो. असं कित्येक वर्षं चालतं. दरम्यान मूळ जाड होत जातं आणि एके वर्षी आलेला कोंब वणव्याच्या आवाक्याबाहेर निसटतो. खोड 50 वर्षांचं असलं तरी त्याखालचं मूळ किती वर्षांचं, हे झाडालाच ठाऊक. बुंध्यावरून फुटलेल्या फुटव्यांचंही असंच असतं. आयत्या मुळांवर ते पहिली काही वर्षं भराभर उंच होतात आणि मग मंदावतात. तरुण फुटवा बघून जमिनीला वरची प्रत देणारा पुढे तोंडघशी पडतो.

दुसरी गोष्ट उन्हाची. साग उन्हाचा हट्टी आहे. त्याच्या डोक्यावर ऐनाने किंवा बांबूने वीस वर्षं सावली धरली असेल तर तो तेवढा काळ खुंटून राहतो आणि वर जागा मोकळी झाली की उसळतो. अशा झाडाची उंची मोजली तर ती शेजाऱ्यांच्या दादागिरीची नोंद होते. त्यात जमीन कशी आहे ते कळत नाही.

कापणीचा इतिहास तर वनखात्याच्या कागदांतही पुरता सापडत नाही. जिथून ओढून आणणं सोपं तिथले सरळ, उंच साग रेल्वेसाठी आणि इमारतींसाठी आधी गेले, वाकडे राहिले. आज त्या राहिलेल्यांची उंची मोजून आपण जागेला हलकी ठरवतो. आलापल्लीजवळ सहा हेक्टरांचा एक तुकडा 1953 पासून न तोडता राखला आहे. ‘ग्लोरी ऑफ आलापल्ली’ या नावाने तो 2014 मध्ये जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर झाला. तिथले साग बघितले की आसपासच्या जमिनीची खरी ताकद किती असेल याचा अंदाज येतो. संदर्भासाठी ठेवलेले असे तुकडे प्रत्येक वनविभागात हवेत, असं मला वाटतं. पर्यटकांसाठी नव्हे, मोजणीसाठी.

आणि सगळ्यांत मोठी अडचण म्हणजे प्रत्येक जातीची वाढीची चाल वेगळी. सावर तरुणपणी धावते. धावडा रेंगाळतो आणि चिकाटीने पुढे जात राहतो. समजा एका जागी 50 वर्षांचा साग 22 मीटर आणि तितक्याच वयाचा धावडा 17 मीटर आहे. म्हणून जागा सागाला जास्त मानवली असं होत नाही. धावड्याच्या जातीत 17 मीटर हा वरचा क्रमांक असेल आणि सागाच्या जातीत 22 मीटर मधला. तुलना जातीच्या आपल्या मापपट्टीवर करायची असते, आणि अडचण अशी की ती पट्टी फक्त सागासारख्या दहावीस मानाच्या जातींसाठीच नीट तयार झाली. बाकी सगळं डेपोच्या वहीत ‘आडजात’ या एका रकान्यात गेलं. आडजातीची उंची कोण मोजणार!

शेतकऱ्याला हे शिकवावं लागत नाही. तो ‘जमीन चांगली’ म्हणून थांबत नाही, ‘ही भाताची, ही ज्वारीची’ असं म्हणतो. जंगलातही तसंच आहे. ऐन ओल धरणाऱ्या चिकण जमिनीत खुशाल वाढतो, सागाला मुळाशी पाणी साचलेलं खपत नाही. पळस काळ्या, निचरा नसलेल्या मातीतही तग धरतो. सालई खडकाळ, कोरड्या उतारांवर उभी राहते, जिथे सागाची काठी होते. मध्य प्रदेशात साग आणि साल यांच्या सीमा बऱ्याच ठिकाणी खडकाच्या सीमांबरोबर चालतात. काळ्या बसाल्टवर साग, वालुकाश्मावरच्या किंवा जांभ्याच्या आम्लधर्मी मातीत साल. पाऊस दोन्हीकडे जवळजवळ तोच. म्हणजे एकच उतार सागाला दुसऱ्या प्रतीचा आणि सालाला चौथ्या प्रतीचा असू शकतो, आणि दोन्ही आकडे खरे.

मग मिश्र जंगलात करतात काय? एक मार्ग असा, की दोन जाती शेजारी शेजारी, दोघीही उन्हात वाढलेल्या अशा भरपूर जागा शोधायच्या. दोघींची प्रत स्वतंत्र काढायची आणि एकीवरून दुसरीचा अंदाज देणारं समीकरण मांडायचं. अमेरिकेत ॲपलाचियन डोंगरांतल्या मिश्र रानांसाठी 1950 च्या दशकात अशा तुलना झाल्या, स्कँडिनेव्हियात स्प्रूस आणि पाइन यांच्यासाठीही. हे समीकरण ज्या भागात तयार झालं तिथेच चालतं. चंद्रपूरचं समीकरण डांगच्या जंगलात वापरलं तर उत्तर येईल, पण ते चुकीचं येईल.

वय कळतच नसेल तर वयाला फाटा देतात. ठरावीक जाडीच्या झाडाची उंची किती, एवढंच बघायचं. सारख्याच जाडीचे दोन साग, एक 20 मीटर आणि दुसरा 15 मीटर. पहिल्याची जागा बहुधा चांगली. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंडमध्ये जेरोम व्हँक्ले यांनी 1980 च्या दशकाच्या अखेरीस ही युक्ती सायप्रस पाइनच्या जंगलांसाठी वापरली. तिथल्या वर्षावनात उंची मोजणंही कठीण, म्हणून त्यांनी आणखी एक पाऊल टाकलं. कायमच्या मोजणी-तुकड्यांत वारंवार सापडणाऱ्या काही निवडक जाती घेतल्या. त्यांची जाडी दर काही वर्षांनी किती वाढते ते पाहिलं, आणि त्या सगळ्या मिळून जागेबद्दल काय सांगतात त्याचा एक निर्देशांक बांधला. एका झाडाच्या साक्षीवर निकाल द्यायचा नाही, पंचायत बसवायची. मिश्र जंगलासाठी मला हीच रीत सर्वांत प्रामाणिक वाटते. तिची किंमत मात्र मोठी. तेच तुकडे, तीच झाडं, तोच रंगाचा पट्टा, वर्षानुवर्षं. साहेब बदलले, वही हरवली, की दहा वर्षं पाण्यात.

झाडांना न विचारता जागेलाच विचारण्याचीही सोय आहे. मातीची खोली, उताराची दिशा, पाऊस, निचरा यांवरून अंदाज बांधायचा. स्वीडनने 1970 च्या दशकात स्प्रूस आणि पाइनसाठी अशी पद्धत बसवली. फिनलंडच्या काजांडर यांनी तर 1909 मध्येच जमिनीलगतच्या झुडपांवरून आणि शेवाळावरून जंगलांच्या प्रती पाडल्या होत्या. जुने वनरक्षकही खाली काय उगवलंय ते बघून ‘इथे साग येईल, इथे नाही’ असं सांगत. ते ज्ञान कोष्टकात कधी आलं नाही. अलीकडे विमानातून लेझर किरण सोडून पूर्ण जंगलाच्या उंचीचा नकाशा काढता येतो आणि काही वर्षांनी पुन्हा काढून फरक बघता येतो. लेझरला उंची दिसते. झाड साग की ऐन, आणि ते वीस वर्षं सावलीत होतं का, हे अजून जमिनीवर उभं राहूनच ठरवावं लागतं.

आता तुमची रिज. मध्य रिजचं क्षेत्र 864 हेक्टर. खाली अरवलीचा क्वार्टझाइट, वर जेमतेम मातीचा थर, दिल्लीचा पाऊस वर्षाला साधारण 700 ते 800 मिलिमीटर, म्हणजे गडचिरोलीच्या निम्म्याच्या आसपास. सागासाठी ही जागा प्रतीच्या यादीबाहेरच जाईल. विलायती कीकर मूळचा मध्य आणि दक्षिण अमेरिकेकडचा. भारतात तो 1877 च्या सुमारास आला आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत, राजधानी दिल्लीला हलवल्यानंतर, रिज हिरवी करण्यासाठी लावला गेला. उथळ मातीत, शेळ्यांच्या तोंडाला न लागता तो ज्या वेगाने वाढतो, ते पाहून कुणीही म्हणेल की जमीन अगदीच वाईट नाही. इथला मूळ रहिवासी धौ, आपल्या धावड्याचा जवळचा भाऊबंद. चरून-तोडून तो झुडपासारखा जमिनीवर पसरतो, आणि तसा बघितला की वाटतं या खडकात झाड येणंच शक्य नाही.

दोन्ही निष्कर्ष कच्चे आहेत. कीकराची वाढ कीकरापुरती खरी. धौचं खुरटेपण शेळ्या आणि कुऱ्हाड यांच्याबद्दल बरंच सांगतं, जमिनीबद्दल थोडं. धौ या खडकावर काय करू शकतो ते बघायचं असेल तर गुरुग्राम आणि फरिदाबादच्या मधल्या मंगर बनीत जावं. गुदडिया बाबांवरच्या श्रद्धेपोटी आसपासच्या गावांनी ते रान तोडू दिलेलं नाही. खडक त्याच अरवलीचा, पाऊस जवळपास तोच, आणि तिथे धौची सलग छाया आहे. दिल्लीच्या जैवविविधता उद्यानांमध्ये सी. आर. बाबू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच आधारावर काम केलं. कीकर एकदम उपटायचा नाही, त्याच्या फांद्या छाटून ऊन खाली येऊ द्यायचं आणि त्या उजेडात देशी जाती वाढवायच्या. तेव्हा तुमच्या रिजची प्रत मला विचाराल तर सागाला शून्य, कीकराला चांगली, आणि धौला किती हे मंगर बनीत मोजून आल्याशिवाय सांगू नये.

प्रश्न : आमच्या भागात वनविकास महामंडळाने मिश्र जंगल काढून साग लावला. कागदावर जमिनीची उत्पादकता वाढली असं म्हणतात. ते खरं का?
(एक वाचक, चंद्रपूर)

उत्तर : महामंडळ 1974 मध्ये स्थापन झालं ते याच विचाराने. कमी मोलाच्या मिश्र जंगलाच्या जागी सागाचं रोपवन करायचं आणि दर हेक्टरी मोल वाढवायचं. जिथे माती खोल आणि निचऱ्याची होती, तिथे सागाच्या घनमीटरात आणि रुपयांत हिशेब बसला. जिथे चौथ्या प्रतीच्या ‘ब’वर साग लावला, तिथे काठ्या उभ्या राहिल्या. इथपर्यंत वाद नाही.

वाद घनमीटर या मापाचा आहे. एक घनमीटर सुकं सागवान साधारण 650 किलो भरतं, धावड्याचं 900 च्या जवळ जातं आणि सावरीचं 400 च्याही आत. आकारमानात मोजलं तर सावर पहिली, वजनात मोजलं तर तीच शेवटी. कार्बनचा हिशेब लावायचा असेल तर वजन धरावं लागतं आणि मग आडजातीचा रकाना एकाएकी भारदस्त होतो. मोहाचं तर गणितच निराळं. मोह फुलांसाठी राखायचा असेल तर त्याला उंची नको, मोकळ्यावर पसरलेला डेरा हवा. तेंदूची चांगली पानं छाटलेल्या बुटक्या झुडपांवरून येतात. उंचीवर लावलेली प्रत या दोघांना नापास करते, आणि गावाचं उन्हाळ्यातलं रोख उत्पन्न त्यांच्यावर चालतं. गडचिरोलीच्या मेंढा-लेखा गावाला 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. पुढे ग्रामसभेने स्वतः बांबू विकून दाखवला. त्या बांबूची नोंद सागाच्या कोष्टकात कुठेच बसत नाही.

मिश्र रान एकजातीपेक्षा जास्त पिकतं का, यावर जगभर मोजण्या झाल्या आहेत. ऑस्ट्रेलियात कॅन रिव्हर इथल्या प्रयोगात निलगिरी आणि नत्र साठवणारी एक बाभूळ निम्मी-निम्मी लावली. अकराव्या वर्षी त्या मिश्र तुकड्याचं जमिनीवरचं वजन निव्वळ निलगिरीच्या सुमारे दुप्पट भरलं. म्हणून मिश्रण नेहमीच जिंकतं असं मात्र समजू नका. दोन्ही जाती एकाच थरात, एकाच उन्हासाठी आणि एकाच खोलीवरच्या पाण्यासाठी भांडत असतील तर फायदा उरत नाही. एक उन्हाची आणि दुसरी सावली सोसणारी, एकीची मुळं वर आणि दुसरीची खोल, एक नत्र देणारी आणि दुसरी खाणारी, अशी जोडी जमली तरच बेरीज वाढते. तुमच्या भागात कोणत्या जोड्या जमतात ते सांगायला जुनं जंगल शेजारी उभं असायला हवं. जिथे ते काढून टाकलं, तिथे तुलना करायलाच काही उरलं नाही. कागदावरच्या दाव्यावर माझा मुख्य आक्षेप हा आहे.

प्रश्न : यंत्राशिवाय झाडाची उंची मोजता येते का? मुलांना दाखवायचं आहे.
(एक वाचक, पुणे)

उत्तर : येते, आणि सपाट जागी बरीच बरोबर येते. एक सरळ काठी घ्या. हात ताठ करून काठी उभी धरा. मुठीच्या वरचा काठीचा भाग डोळा आणि मूठ यांच्यातल्या अंतराइतका ठेवा. आता पुढेमागे सरकत अशा जागी या, की मुठीवरून नजर टाकली तर बुंधा दिसेल आणि काठीच्या टोकावरून शेंडा. तिथून झाडापर्यंतचं अंतर टेपने मोजलं की तीच झाडाची उंची. झाड झुकलेलं असेल तर झुकण्याच्या आडव्या बाजूने बघा. डेरेदार झाडात पुढची फांदी शेंड्यासारखी भासते, म्हणून थोडं लांबूनही एकदा खात्री करा.

घेर साध्या शिंप्याच्या टेपने घ्या, जमिनीपासून 1.37 मीटरवर. ही आपली जुनी साडेचार फुटांची खूण, युरोपात 1.30 मीटर धरतात. उतारावर वरच्या बाजूला उभं राहून मोजायचं. झाड त्या उंचीच्या खालीच दुभंगलं असेल, आणि वेडी बाभूळ हटकून तशीच असते, तर प्रत्येक खोड वेगळं झाड म्हणून लिहायचं. सालीत खिळा ठोकू नका, खडूची रेघ पुरते.

पहाडगंजच्या वाचकांनाही हेच सांगतो. रिजवर फिरताना एकाच जातीची, उघड्यावर वाढलेली दहाबारा झाडं निवडा आणि त्यांचा घेर व उंची दर वर्षी पावसाळा संपल्यावर लिहून ठेवा. शक्य असेल तर शेजारच्या दुसऱ्या जातीचीही तितकीच झाडं घ्या. जातीचं नाव, घेर, उंची, तारीख एवढे चार रकाने पुरेत. वयाचा रकाना रिकामा ठेवा, अंदाजाने भरू नका.